आप्पांचं ग्लिसरीन

आमच्या कॉलेजात ग्लिसरीन हे रसायन नव्हतं, घरचं औषध होतं. टाचांना भेगा पडल्या, ओठ फुटले, लेकराला तोंड आलं, की माणसं केमिस्ट्रीच्या लॅबच्या दारात येऊन उभी राहायची आणि हळूच हाक मारायची, "आप्पा, वाईच ग्लिसरीन." आप्पा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. जाड मिशा, पांढरी टोपी, आणि लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला. ते खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली शोधायचे, नरसाळं लावायचे आणि अगदी वैद्याच्या थाटात ग्लिसरीन ओतून द्यायचे. चपराशी, माळी, झाडणाऱ्या बाया, हायवेवरचा चहावाला, सगळ्यांना. प्राचार्यांच्या आईंच्या टाचासुद्धा ह्याच ग्लिसरीनवर होत्या, त्यामुळे ह्यात काही गैर आहे असं म्हणायची सोय नव्हती.

कॉलेज पाटस आणि वरवंडच्या मध्ये, हायवेला लागून होतं. मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर होते. मूळची शिरूरची, वरवंडला खोली घेऊन राहायची. राग आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकाच्या शेंड्यावर असतो, माझ्या वाट्याला जरा जास्तच आलेला. त्यातून नोकरी अशी की रोज काहीतरी बघून डोकं फिरावं. संडास धुवायचं ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेलं दिसायचं. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर त्याच कपाटात, त्याच्याच शेजारी. मी एकदा तावातावाने प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, सर, कॅम्पसवर काम करणाऱ्या सगळ्यांना एकदा बसवू या, कुठली वस्तू काय आहे, ती कशी हाताळायची, हे नीट सांगू या. मला एक तास द्या.

प्राचार्य हसले. म्हणाले, "मॅडम, ही माणसं घाबरली तर उद्या संडास कोण धुणार?"

लॅबच्या भिंतीवर सुरक्षेच्या नियमांचा मोठा बोर्ड होता. पुण्याहून करून आणलेला, काचेच्या फ्रेममधला, सगळा इंग्रजीत. तो तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी होता. ज्यांना तो वाचता येत नव्हता त्यांच्याच हातून सगळ्या बाटल्या जात-येत होत्या, हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघायचे जणू मीच काहीतरी अभद्र बोलले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीआधीच खंडेनवमीची पूजा उरकायचं ठरलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजतात. शेतकरी नांगर-कोयता पूजतो, ड्रायव्हर गाडी पूजतो, ऑफिसात टाइपरायटरला हार घालतात. लॅबमध्ये तराजू, बर्नर, स्टँड. आप्पा ह्या कामात कुणाचं ऐकायचे नाहीत. आदल्या दिवसापासून चिंच, राख, सोडा घेऊन घासायला बसायचे, आणि वर्षभर कळकट असलेली लॅब त्या एका दिवसापुरती लग्नघर व्हायची.

मी सकाळी शिरूरहून निघाले होते. एसटीने नेहमीप्रमाणे दगा दिला आणि पोचायला दुपार झाली. लॅबमध्ये उदबत्तीचा वास होता. मधल्या ओट्यावर पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर रीएजंटच्या बाटल्या मांडल्या होत्या. मोठ्या मागे, लहान पुढे, ग्रुप फोटोला उभ्या केल्यासारख्या. प्रत्येकीला कुंकवाचं बोट, प्रत्येकीपुढे झेंडूचं फूल. काच अशी लखलखत होती की मला क्षणभर बरंच वाटलं.

मग लक्षात आलं, एकाही बाटलीवर लेबल नव्हतं.

लेबलं मीच लिहिली होती. कागदावर शाईने, डिंकाने चिकटवलेली. वर्षभरात ती पिवळी पडली होती, कोपरे उचकटले होते. आप्पांनी बाटल्या सोड्याच्या पाण्यात बुचापर्यंत बुडवून ठेवल्या होत्या आणि भिजलेला कागद नखाने खरवडून काढला होता.

"आप्पा, हे काय केलंत?"

"देवापुढं मळकं कसं ठेवायचं, मॅडम?" आप्पा खुशीत होते. "आन् काळजी नगा करू. कुठल्या बाटलीत काय, समदं ध्यानात हाय माझ्या."

त्यांच्या ध्यानात होतं हे खरं, पण ते फळीवरच्या जागेवरून. डावीकडून पहिली अमुक, दुसरी तमुक. आणि आता बाटल्या उंचीप्रमाणे मांडलेल्या. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही; आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार, कारण दोन प्राध्यापक दारात डोकावून परत गेले. आप्पांचा चेहरा उतरला. पूजेच्या दिवशी बोलणी खायची वेळ आली ह्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

मी बाटल्या वेगळ्या करायला बसले. रंगाची द्रावणं कळतात. अमोनिया बूच उघडायच्या आधीच स्वतःची ओळख सांगतो. पाण्यासारख्या पातळ होत्या त्या बाजूला ठेवल्या, त्यांचं नंतर बघता आलं असतं. उरल्या दोन. दोन्हींत बिनरंगी, तेलासारखा घट्ट द्रव. दोन्ही अर्ध्याच्या आसपास. एकीत ग्लिसरीन असणार आणि दुसरीत कडक सल्फ्युरिक ॲसिड.

"ह्यातलंच मगाशी मावशींना काढून दिलं," आप्पा माझा राग निवावा म्हणून मदतीच्या सुरात म्हणाले.

"काय काढून दिलं?"

"ग्लिसरीन. नातवाला तोंड आलंय. जिभंवर समदा पांढरा बुरा. दूध घेईना झालंय लेकरू."

"कुठल्या बाटलीतलं दिलंत?"

आप्पांनी एका बाटलीकडे पाहिलं. मग दुसरीकडे. मग परत पहिलीकडे. "घट्ट व्हतं त्यातलं," ते म्हणाले.

प्रसादाच्या ताटात खोबरं आणि साखर होती. मी चिमूटभर साखर एका काचेवर घेतली, दुसऱ्या काचेवर दुसरी चिमूट, आणि एकेका बाटलीतला थेंब टाकला. एक साखर नुसती ओली झाली. दुसरी थोडा वेळ तशीच राहिली, मग पिवळी पडली, मग तपकिरी, आणि बघता बघता काळी ठिक्कर होऊन फुगली. आप्पा टोपी काढून उभे राहिले. त्या काळ्या साखरेकडे बघताना माझ्या डोळ्यांपुढे एक एवढंसं तोंड होतं, उघडं, दुधासाठी रडणारं.

मावशी म्हणजे आमच्याकडे झाडू-फरशी करणाऱ्या बाई. वरवंडच्या बौद्ध वस्तीतल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पूजेला त्या थांबायच्या नाहीत, पण सकाळी आप्पांबरोबर बाटल्या धुवायला त्याच बसल्या होत्या, कारण काम ते काम. त्या दिवशी त्यांनी लवकर सुट्टी मागून घेतली होती. मुलगा, सून, नातू आणि वस्तीतली बरीच माणसं मिळून दीक्षाभूमीला निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या नागपूर बघणार होत्या. दौंडहून संध्याकाळच्या आत गाडी होती, आणि त्या कधीच एसटीत बसून गेल्या होत्या.

दौंड स्टेशनला कळवायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोन होता, पण त्याच्या डायलला छोटं कुलूप आणि किल्ली हेडक्लार्कच्या खिशात. हेडक्लार्क रजा टाकून गावी. मी ते कुलूप हातात धरून ओढलं, नुसता तळहात दुखला. "चला," मी आप्पांना म्हटलं, "गाडी काढा."

आप्पांच्या मोटरसायकलवर मी आयुष्यात कधी बसले नव्हते आणि पुढेही कधी बसले नाही. पाटसपर्यंत हायवे, तिथून दौंडचा रस्ता. ऑक्टोबरचं ऊन नुसतं पोळत होतं. दोघांच्याही मनात एकच हिशेब चालला होता: दोन बाटल्या, त्यातली एक. निम्मी आशा होतीच ना. मी स्वतःला तेच सांगत होते.

पाटस मागे पडलं आणि आप्पा मान न वळवता ओरडून म्हणाले, "मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"मगाशी भरून झाल्यावर नरसाळं नळाखाली धरलं. तवा ते हाताला कोमट लागलं. मला वाटलं टाकीचं पानी उन्हानं तापलंय."

ग्लिसरीन पाण्यात मिसळलं तर काही तापत नाही. सल्फ्युरिक तापतं. आप्पांना ते माहीत नव्हतं, पण माझ्या गप्प बसण्यावरून त्यांना कळलं. त्यांनी गाडी आणखी पिळली. निम्मी आशा त्या रस्त्यावरच संपली.

पुढे धनगराची मेंढरं रस्ताभर पसरली होती. आप्पा हॉर्न दाबून धरत होते, मी मागून ओरडत होते, आणि मेंढरं आपली निवांत. धनगर काठी टेकून म्हणाला, "कुनाच्या मयतीला चाललाय का काय?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत, मला मात्र त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी गाडीवरून उतरून मेंढरं हाताने बाजूला लोटली.

दौंड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे. कुणी भीमगीतं म्हणत होतं, कुणी भाकऱ्यांचं गाठोडं सोडून जेवायला बसलं होतं. प्रत्येक दुसऱ्या बाईच्या मांडीवर लेकरू. मी ज्यांना शोधत होते त्या रोज हिरव्या-जांभळ्या नऊवारीत दिसायच्या. आज त्यासुद्धा ह्या पांढऱ्यातल्याच एक असणार. गाडी येण्याची घंटा झाली होती.

घोषणा करणाऱ्याच्या खोलीत मी शिरले. "एका बाईंकडे बाळासाठी चुकीचं औषध गेलंय, ते देऊ नका म्हणून सांगा."

"नाव काय बाईंचं?"

मी मागे आप्पांकडे वळले. रोज सकाळी ज्यांच्याशी दोन शब्द बोलायचे त्यांना मी नुसतं 'मावशी' म्हणत आले होते. आप्पांनी नाव सांगितलं. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या माणसाने ते नाव घेऊन आपल्या रेल्वेच्या सुरात 'यात्रीगण कृपया ध्यान दें' सुरू केलं. आवाज भोंग्यातून फुटून बाहेर पडला आणि गाण्यांत, रडण्यात, हमालांच्या ओरड्यात विरून गेला. एकाही बाईने मान वर केली नाही. मी आणि आप्पा दोन टोकांकडून शोधायला निघालो. मी लोकांच्या जेवणावरून उड्या मारत होते, बायांच्या तोंडाकडे बघत होते, कुठलंही लेकरू रडलं की तिकडे धावत होते. आणि जे लेकरू रडत नव्हतं त्याची आणखी भीती वाटत होती.

पाण्याच्या नळापलीकडे, खांबाला टेकून, एक बाई पदर तोंडाशी दाबून बसली होती. पांढऱ्या साडीवर मांडीच्या जागी करपल्यासारखी तपकिरी भोकं पडली होती. त्या मावशीच होत्या. शेजारी सून, तिच्या मांडीवर नातू. नातू झोपला होता.

मावशींनी मला पाहिलं. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी पदर बाजूला केला. ओठ सुजले होते, जिभेचा शेंडा पांढरा फटक. शब्द धड फुटत नव्हते.

"लेकराला न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "न्हाई दिलं, मॅडम."

मी तिथंच फलाटावर बसले. सून सांगू लागली. बाळ रडायला लागलं तसं तिने बाटली काढली. सासूबाईंनी ती तिच्या हातातून घेतली. त्यांची रीतच होती; घरात लेकराला कुठलंही औषध द्यायचं झालं, मग ते डॉक्टरचं असो की बाजारातलं, आधी त्या करंगळी बुडवून आपल्या जिभेवर ठेवणार, थोडं थांबणार, आणि मगच लेकराच्या तोंडात. आजही तसंच केलं. त्यांच्या घट्टे पडलेल्या बोटाला चटकन काही जाणवलंही नाही. जिभेला लागलं तशा त्या किंचाळल्या. बाटली हिंदकळून साडीवर सांडली. पण पोटात काही गेलं नव्हतं, लगोलग थुंकून टाकलं होतं.

"बाटली कुठंय?"

मावशींनी पाठीमागून काढून दिली. बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळलेली. फडकं काळं पडून फाटलं होतं. फेकून का नाही दिली, असं मी विचारलं. त्यांनी फलाटावर खेळणाऱ्या पोरांकडे नुसता हात दाखवला.

मी त्यांना नळाखाली बसवून कितीतरी वेळ चुळा भरायला लावल्या. आप्पा आले आणि लांबच उभे राहिले. त्यांना जवळ यायचा धीर होत नव्हता. एवढ्यात गाडी आली. झुंबड उडाली. मावशींचा मुलगा गर्दीतून पुढे आला, म्हणाला आपण कुणीच नको जायला. मावशींनी मान हलवली, सुनेला हाताला धरून डब्याच्या दिशेनं ढकललं, बोलता येत नव्हतं म्हणून दोन्ही हात जोडून दाखवले, आमच्या वाटचे हात तुम्ही जोडा. मुलाने ऐकलं नाही, तो थांबला. सून आणि बाळ वस्तीतल्या बायांबरोबर गेली. गाडी निघून गेल्यावर मावशी त्या रिकाम्या रुळांकडे बघत राहिल्या. मला ढसाढसा रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, नशीब, थोडक्यावर भागलं. जीभ भरून येईल, वेळ लागेल. कितीतरी दिवस मावशी थंड पेज आणि ताकावर होत्या. आप्पा घरची म्हैस पिळून रोज मोटरसायकलवरून त्यांच्याकडे दूध पोचवत होते. मावशी ते घेत होत्या.

सुट्टी संपल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांची काळजी निराळीच होती: बाहेर कुठं बोलू नका, आणि लेबलं धुवायला मावशीही बसल्या होत्या ना, मग चूक त्यांचीही. तिथं मात्र माझा शिरूरचा राग कामाला आला. मी म्हटलं, सर, मला माझा तास द्या, नाहीतर मी पाटसच्या स्टँडवर उभी राहून हा तास घेते. त्यांनी दिला. स्वतःही येऊन पुढच्या खुर्चीवर बसले.

सगळे आले. चपराशी, माळी, झाडणाऱ्या बाया, वसतिगृहाचा स्वयंपाकी, आप्पा सर्वांत मागे. मावशीही आल्या, बोलताना अजून जीभ अडखळत होती. मी बोर्डावरचं इंग्रजी बाजूला ठेवलं. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आलं तर कसा विषारी वायू निघतो ते सांगितलं. ॲसिडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात थेंब थेंब ॲसिड सोडायचं, हे करून दाखवलं. साखरेचाही प्रयोग केला. साखर काळी होऊन वर आली तसं सगळे दचकून मागे सरकले. धोक्याच्या बाटल्यांवर मी आता लाल रंगाचा पट्टा ओढला होता; त्यांना कुणी हात लावायचा नाही. लॅबमधून कुणी काही घरी न्यायचं नाही. आणि मग मी माझा सगळ्यात मोठा नियम सांगितला, आवाज चढवून, दोनदा: कुठलीही वस्तू, कितीही ओळखीची वाटली तरी, चाखून बघायची नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींनी नाही हलवली.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी चाखलं म्हनून लेकरू हाय."

मी म्हटलं, "हो मावशी, खरंय. पण—"

"व्हय, आता न्हाई चाखनार. तुमी सांगताय ते समजलं." त्या उभ्या राहिल्या. राग नव्हता आवाजात; खरंच विचारत होत्या, जसं एखादं काम कुठून सुरू करायचं ते विचारावं. "पर बाटलीवर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई. लिवलेलं धुऊन गेलं, तर आप्पांनाबी कळत न्हाई. मंग घरात लेकराच्या तोंडात काई घालायच्या आधी, आता कुनाच्या जिभंवर ठिवू?"

मी पुढच्या खुर्चीकडे पाहिलं. प्राचार्य पंख्याकडे बघत होते.